परिचारिकेचे दोन रुग्ण

रुग्णाचे प्राण वाचावेत म्हणून रात्रंदिवस झटणे, हे परिचारिकेचे व्रत होय. मग ज्याचे प्राण गेले, त्याच्या देहाची काळजी तिने का वाहावी? अवयवदानाच्या प्रसंगी हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो.

अपघातात डोक्यास जबर मार बसला, तर कधी कधी मेंदू कायमचा निकामी होतो. यंत्राच्या साहाय्याने श्वास चालू राहतो, हृदय धडधडत असते. परंतु तो मनुष्य मृतच होय. १९९४ च्या कायद्याने भारतात हा मेंदूमृत्यू मान्य केला. चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो निश्चित करतात. अवयवांचे रोपण करणाऱ्या डॉक्टरांस या चौघांत स्थान नसते.

आप्तांना मात्र परिचारिकाच जवळची वाटते. "सिस्टर, हात तर अजून गरम आहे, मग हा गेला कसा?" असे ते तिलाच विचारतात. ज्याला तिने पुसले, कुशीवर वळविले, तो मृत आहे हे मानणे तिलाही जड जाते. अशी शंका येणे हा दोष नव्हे. ती मनात दडवून ठेवणे हा दोष होय. म्हणून या विषयाचे नीट शिक्षण प्रत्येक परिचारिकेस मिळालेच पाहिजे. जिचे स्वतःचे समाधान झालेले नाही, ती दुसऱ्याचे समाधान कसे करणार?

तिने आप्तांस दानाचा आग्रह करावा, असे कोणी म्हणतील. ते योग्य नव्हे. दडपणाने दिलेले ते दान कसले? तिने सत्य सांगावे, धीर द्यावा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. नकार देणाऱ्यांशीही तिची ममता तसूभरही कमी होता कामा नये.

संमती मिळाली, तरी तिचे काम संपत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत ती रक्तदाब सांभाळते, देह स्वच्छ ठेवते. त्या देहातील हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांची वाट पाहणारे रुग्ण दुसरीकडे कोठे तरी असतात. त्यांना तिने कधी पाहिलेले नसते आणि तेही तिला ओळखत नाहीत.

लोकांसाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे स्मरण सर्वजण करतात. दात्याच्या देहाचा अखेरपर्यंत मान राखणाऱ्या हातांचेही स्मरण असावे. समोरच्या मृतास आदर आणि न दिसणाऱ्या रुग्णास आशा, ही दोन्ही कर्तव्ये जी एकाच वेळी पाळते, तीच खरी परिचारिका.