मापे दोन, तोटा एकाचाच

रुपयाचे शंभर पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ रोजी. मेट्रिक वजने व मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आली. आणा आणि पै आज कोणाच्याही हिशेबात उरलेली नाहीत. मापांचे मात्र तसे झाले नाही. महाड-पोलादपूरच्या खेड्यांत भात अजून पायलीने व खंडीने बोलले जाते, जमीन गुंठ्याने, वाळू-खडी ब्रासने आणि पाऊस इंचाने. कायदा एक सांगतो, तोंडी व्यवहार दुसरे. हा दुहेरी कारभार आता संपावयास हवा.

जुनी मापे खुळी होती, असे मुळीच नाही. घरातले धान्य घरापुरते मोजण्यास ती सोयीचीच होती. परंतु पायली हे आकारमानाचे माप आहे. भात, तांदूळ आणि नाचणी यांच्या एकेका पायलीचे वजन वेगवेगळे भरते; मण तर कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. उलट, आधारभूत किमतीने होणारी खरेदी क्विंटलची. पायलीने मोजून आणलेल्या धान्याचा क्विंटलशी मेळ घालता आला नाही, तर घट किती आणि काटामारी किती, हे शेतकऱ्याला कळावे कसे?

जमिनीच्या बाबतीत हा घोटाळा अधिक महाग पडतो. सातबारा उतारा हेक्टर व आर सांगतो. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, तर आर म्हणजे १००. दोन्ही एकच समजून जो चाळीस आर जमिनीला एकर म्हणतो, त्याचा हिशेब सुमारे ४७ चौरस मीटरांनी चुकतो. लहानसे घर उभे राहील एवढी ही जागा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आणि प्रश्न केवळ पैशाचाही नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. नदीची पातळी शासन मीटरमध्ये कळविते. माणूस मात्र उंबऱ्यावर किती फूट पाणी येईल, याचा विचार करतो. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक, हे वेळीच ध्यानात आले नाही, तर इशारा मिळूनही न मिळाल्यासारखाच.

ही पद्धत फ्रान्समध्ये १७९५ साली कायद्याने आली, म्हणून ती परकी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ज्या महाड तालुक्यात रायगड उभा आहे, तेथे तरी तो टिकू नये. शिवकालात जमीन मोजण्यासाठी पाच हात, पाच मुठींची काठी ठरविण्यात आली, ती मापात एकवाक्यता यावी म्हणूनच. माप सर्वांना सारखे असावे, ही कल्पना या मातीला नवी नाही.

तेव्हा शाळांनी मीटर-किलो केवळ पुस्तकात न ठेवता विद्यार्थ्यांकडून घरचे शेत व घरची पायली मोजून घ्यावी. तलाठी कार्यालयात आर-गुंठ्याचे कोष्टक ठळकपणे लावावे. पुराच्या खुणा चौकाचौकांतील भिंतींवर मीटरमध्ये रंगवाव्यात. शेरास सव्वाशेर भाषेत खुशाल भेटत राहो. बाजारात मात्र किलोला किलोच मिळाला पाहिजे.