स्फोटानंतर राज्यसत्ता काय करते?

१/ पातूरला मित्रांत इतिहासाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : चापेकर, खुदीराम क्रांतिकारक, तर आजचे बॉम्बवाले दहशतवादी कसे? हेतू, लक्ष्य आणि बळी पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. मला मात्र दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो : हल्ल्यानंतर राज्यसत्तेने काय केले?

२/ २२ जून १८९७. पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर हाती लागण्यापूर्वीच नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबले गेले आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला.

३/ ३० एप्रिल १९०८. मुजफ्फरपूरचा बॉम्ब किंग्जफर्डसाठी होता. मेल्या दोन निरपराध स्त्रिया. ८ जूनला दोन कायदे एकदमच आले : एक स्फोटकांविरुद्ध, दुसरा वृत्तपत्रांविरुद्ध. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’ने ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे बजावले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यासाठी दाद मागायला आपल्या वऱ्हाडातले दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले.

४/ लेखणी मंडालेत कोंडली गेली; तरी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात जॅक्सनचा वध झालाच.

५/ तरीही एक कुंपण इंग्रजांनी राखले होते. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य नव्हता. ते कुंपण टाडा (१९८७) आणि मकोका (१९९९) यांनी स्वतंत्र भारतात ओलांडले : वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब पुरावा ठरू लागला.

६/ त्याची किंमत पाहा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून सर्वांना निर्दोष सोडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना अंतिम उत्तर मिळालेले नाही.

७/ याउलट २६/११. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडू दिले. साक्षीदार, छायाचित्रे, आरोपीला वकील, उघडा खटला, अपिले; मग नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी. तो निकाल टिकला.

८/ राज्यसत्तेने कठोर असावे, याला माझा विरोध नाही. पण कठोर कायदा हा कच्च्या तपासाला पर्याय नव्हे. चुकीचा माणूस आत गेला, तर खरा गुन्हेगार बाहेरच राहतो. म्हणून आरोपीचा हक्क जपणे ही बळींशीच राखलेली इमानदारी आहे.