वेगळी लोंब दिसली तर लगेच उपटू नका



धान निसवायला लागला की तुम्ही सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावरून एक चक्कर मारताच. पाणी किती आहे, कीड आली का, हे पाहता. शेजाऱ्याचा धान कसा आहे, तेही हळूच पाहून घेता. ही चक्कर मारताना एका माणसाची आठवण ठेवा, एवढी आज विनंती आहे. त्यांचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे.

गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. मराठवाड्यातले नांदेड नव्हे, आपल्या धानपट्ट्यातले छोटेसे गाव. शिक्षण तिसरीपर्यंत. शेती थोडकी आणि संसाराचा गाडा मोठा. असे शेतकरी आपल्याकडे गावोगाव आहेत. दादाजींचे वेगळेपण त्यांच्या नजरेत होते.

१९८३ सालची गोष्ट. बांधीत पटेल-३ हा धान उभा होता. त्यात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर. दुसरा कोणी असता तर त्याने त्या बाकीच्या धानाबरोबरच कापल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. त्यातून पुन्हा निवड केली, पुन्हा लावले. असे चार-पाच वर्षे चालले. १९८८ च्या सुमाराला खात्रीचे बियाणे हाती आले. दाणा बारीक, भात चवीला चांगला आणि गिरणीत तांदळाचा उतारा जास्त. मग शेजाऱ्यांनी बियाणे मागून नेले. पुढे बाजारात गेल्यावर या धानाला नाव हवे होते. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून धानालाही तेच नाव पडले. घड्याळाची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. एचएमटी तांदूळ मात्र आजही दुकानात नाव सांगून मागितला जातो.

दादाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड चिनोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके असे एकामागून एक वाण त्यांनी निवडले. ना प्रयोगशाळा, ना पगार. बांधीचा एक कोपरा आणि घरच्यांची साथ, एवढ्याच भांडवलावर हे काम झाले. ज्या घरात पोटापुरती जमीन आहे, त्या घराने त्यातला तुकडा प्रयोगाला सोडणे सोपे नाही. तो तुकडा फसला तर तेवढा धान कमी येतो, आणि ते घरातल्या बाईला कोठी उघडल्यावर कळते. म्हणून या कामाचे श्रेय एकट्या दादाजींचे नाही, त्यांच्या कुटुंबाचेही आहे.

आता थोडे माझ्याबद्दल. कृषी पदविका घेऊन मी खात्यात नवीनच लागलो होतो. एका गावात भेटीला गेलो असताना एका वयस्कर काकांनी धुऱ्यावर बोलावले. म्हणाले, "साहेब, हे झाड पाहा जरा. बाकीच्यांच्या आठ दिवस अगोदर निसवलं." मी मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. बसल्या बसल्या म्हणालो, "काका, भेसळ आहे. उपटून टाका." त्यांनी माझ्यादेखत उपटले. साहेब सांगतात म्हणजे बरोबरच असेल, असे त्यांना वाटले असणार. पुढे दादाजींची हकिगत वाचली, तेव्हा ते काका आठवले. त्या झाडात काही होते की नव्हते, हे आता कोणालाही कळणार नाही.

तुम्ही म्हणाल, बियाणे शुद्ध ठेवा, भेसळ काढा, असे तुम्हीच तर सांगता. बरोबर आहे. बीजोत्पादनाच्या प्लॉटमधली भेसळ काढलीच पाहिजे, आणि वेगळे दिसणारे झाड बहुतेक वेळा भेसळच असते. पण उपटण्याआधी पाच मिनिटे थांबून पाहायला काय हरकत आहे? धान हे स्वपरागीकरण होणारे पीक आहे. म्हणून वेगळ्या झाडातून चांगले निवडत गेले, तर काही पिढ्यांत गुण स्थिर होऊ शकतात. दादाजींनी हेच केले.

असे झाड आपल्या बांधीत दिसले, तर त्याला रंगीत दोरा बांधा. वेगळे कापा, नीट वाळवा, कापडी पिशवीत नावनिशी ठेवा. पुढच्या वर्षी मूळ वाणाच्या शेजारी एका जागी एकच रोप याप्रमाणे लावा. एक वही करा. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी झाली, निसवण कधी, फुटवे किती, कापणी कधी, एवढे लिहिले तरी पुरे. स्वतः लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला लिहायला सांगा.

ही वही का हवी, तेही सांगतो. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले. १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी नावाने विद्यापीठाचा वाण प्रसारित झाला. शुद्धीकरण आम्ही केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. वाण मुळात माझा, असे दादाजींचे म्हणणे. हा वाद पुष्कळ गाजला. तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा नव्हता. तो २००१ साली झाला, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्याला फी पडत नाही. स्वतःच्या शेतातले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क त्याला आहे. फक्त ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही.

इथे गावच्या कारभाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. शेतकऱ्याच्या वाणाच्या अर्जावर शिफारस लागते, आणि ती गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव देऊ शकतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती झाली. पण तिची नोंदवही बहुतेक ठिकाणी कपाटात पडून असते. सरपंच साहेब, ती बाहेर काढा. आपल्या गावात कोणाकडे कोणते जुने बियाणे आहे, ते त्यात लिहा. आणि कोणी बियाणे मागायला आले, मग तो आमच्या खात्याचा माणूस का असेना, तर तारीख, वजन आणि सही असलेली पोच घेतल्याशिवाय मूठभरही देऊ नका.

दादाजींना मान मिळाला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० साली फोर्ब्सच्या यादीत नाव आले. पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी, दीर्घ आजारानंतर, गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये ते गेले. ज्यांचा तांदूळ हजारो घरांत शिजतो, त्यांच्या घराला औषधपाण्याची चिंता करावी लागली. याची बोच आमच्या खात्यातल्या माणसांना तर लागलीच पाहिजे.

त्यांच्या नावाने हार घालणे, भाषणे करणे होतच राहील. मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. कोणी धुऱ्यावरून हाक मारली की गाडी बंद करतो, चपला काढतो आणि बांधीत उतरतो. तेव्हा हाक मारायला संकोच करू नका. झाड भेसळ निघाले तरी चालेल, पण दोघांनी मिळून पाहू या.