शौचालय नाही म्हणून पाणी नाही!

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. अशा मुलाच्या वाकड्या हातापायांविषयी समाज हळहळतो; त्याच्या लघवी-शौचाविषयी बोलायला मात्र कुणाची जीभ धजत नाही. या मौनाची किंमत ते मूल आणि त्याची आई मोजत असते.

मूल शाळेत जायचे असले की आई सकाळी त्याला पाणीच कमी पाजते. का? शाळेत व्हीलचेअर आत जाईल असे शौचालय नाही, उचलून बसवणारे कुणी नाही. कपडे ओले झाले तर मुले हसतील, आईला मजुरी सोडून धावावे लागेल. म्हणून तहान मारायची!

दुष्टचक्र येथूनच वाढते. या मुलांची हालचाल मुळात कमी, गिळायला त्रास म्हणून खाणे मऊ, चोथ्याविना. त्यात पाणी तोडले की बद्धकोष्ठता ठरलेली. साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो. लघवी गळते किंवा तुंबते, जंतुसंसर्ग होतो. कधी घट्ट मळाच्या कडेने पातळ शौच झिरपते आणि घरचे जुलाब समजून उलटेच औषध देतात.

हे मागच्या जन्मीचे भोग नव्हेत; अंगाऱ्या-धुपाऱ्याने ते जाणारही नाहीत. यांतील बरीच मुले लघवी-शौचावर ताबा मिळवतात, फक्त उशिरा. पुरेसे पाणी, जेवणानंतर ठरावीक वेळी पाय टेकवून व पाठीला आधार देऊन बसवणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

पण बसवायचे कोठे? उकिडवे बसता न येणाऱ्या मुलाला वस्तीतला सार्वजनिक संडास काय कामाचा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेची इमारत व सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले. झोपडपट्ट्या व ग्रामीण भागातील पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगी शौचालये यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ साली संपली. मग जाब कुणाला विचारायचा?

आम्ही दया मागत नाही. रुंद दार, धरायला दांडा, आधाराची खुर्ची आणि एक मदतनीस, एवढीच मागणी आहे. शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने हजेरीपट पाहण्याआधी एवढेच विचारावे : या मुलाने आज पाणी प्यायले का?