माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर

गेल्या रविवारी पोहे खाऊन पेपर उघडतोय तोच भाच्याचा फोन. "मामा, तुला यातलं कळतं ना, मग एकच सांग. सगळ्यात जास्त रिवॉर्ड्स देणारं क्रेडिट कार्ड कुठलं?"

नोकरीला लागून त्याला सहा महिने झालेत. कार्ड घ्या म्हणून दिवसाआड फोन येतायत, ऑफिसातले मित्र विमानतळाच्या लाउंजमधले फोटो टाकतायत. आणि "मामाला कार्डांतलं कळतं" अशी घराण्यात माझी ख्याती आहे, कारण माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे. कुठलं कार्ड कुठे वापरायचं, पॉइंट कधी बाद होतात, सगळं त्यात. बायको तिला 'मामाची पोथी' म्हणते. :)

"संध्याकाळी सांगतो," म्हटलं आणि पोथी उघडली. संध्याकाळपर्यंत उत्तर मात्र भलतंच निघालं. ते इथे लिहून ठेवतोय, कारण बाकीच्या भाचरांचे फोनही यायचेच आहेत.

आधी साधा हिशोब. भाड्यावर, विम्यावर, पेट्रोलवर, वॉलेटमध्ये पैसे भरण्यावर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा फार कमी देतात. ते वगळून त्याचा कार्डावर टाकण्याजोगा खर्च महिन्याला २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. आता दोन कार्डं समोर धरा. एक कायमचं फुकट, सरसकट १ टक्का परत देणारं. वर्षाचे झाले ३,००० रुपये. दुसरं चकचकीत, २ टक्के देणारं, पण वार्षिक फी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. सहा हजारांतून ते वजा करा. उरले ३,०५०.

फरक किती? पन्नास रुपये! त्या पन्नास रुपयांसाठी वर्षभर अटी वाचायच्या.

दुसरी गंमत पॉइंटांची. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असं आपण मनात धरून चालतो. 'दर १५० रुपयांवर ४ पॉइंट' ऐकायला किती भरघोस वाटतं! पण पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर १५० रुपयांवर मिळाला एक रुपया. पाऊण टक्कासुद्धा नाही. शिवाय बरीच कार्डं पॉइंट वटवायचीही फी घेतात. त्यामुळे कुठलंही कार्ड असो, मी एकच करतो. पॉइंट बाजूला ठेवायचे आणि शंभर रुपयांमागे हातात किती रुपये येतात तेवढं काढायचं. जे कार्ड हे सरळ सांगत नाही ते बहुतेक वेळा सांगण्यासारखं नसतं.

आणि आज दिसतं ते उद्या असेल याचीही खात्री नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखभर खर्च केला की २५ हजार पॉइंट मिळायचे. कार्डशौकीन मंडळी त्यावर फिदा होती. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि वार्षिक फी १० हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली. नियम त्यांचे, बदलणारही तेच. आपण मात्र त्या नियमांवर आपल्या सवयी बांधून बसतो.

सवयींवरून आठवलं. आमच्या माळ्यावर एक व्हॅक्यूम क्लीनर आहे.

माझ्या एका कार्डाची फी वर्षाला चार लाख खर्च केले तर माफ व्हायची. एका वर्षी शेवटच्या आठवड्यात शीट पाहिली तर ८,६०० रुपये कमी पडत होते. २,९५० रुपये वाचवायचेच, म्हणून मी ८,९९९ चा व्हॅक्यूम क्लीनर मागवला. दोन खोल्यांत तो फिरवायला जागा नव्हती, आवाजाने शेजारचं बाळ उठायचं, आणि कामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी "माझा झाडूच बरा" म्हणून निकाल लावला. शीटमध्ये त्या वर्षी मी 'फी माफ' असं हिरव्या रंगात लिहिलंय. व्हॅक्यूम क्लीनरचा रकाना शीटमध्ये नाहीच!

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही. धाकट्या भावाला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही दादा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

२०१९ मध्ये त्याने मला अगदी हाच प्रश्न विचारला होता. मी शीट उघडून, तुलना करून, मोठ्या हौशीने त्याला कार्ड सुचवलं. पॉइंट कसे जमवायचे तेही शिकवलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि त्याचा पगार थांबला. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ऑगस्टपर्यंत. ती कार्डाच्या बिलालाही लागू होती. त्याने ती घेतली. हप्ते थांबले की व्याजही थांबत असेल असं त्याला वाटलं. ते थांबलं नव्हतं. सवलत संपली तेव्हा देणं होतं ५७ हजार.

मग तो दरमहा तीन हजार भरू लागला. 'मिनिमम ड्यू'च्या वर भरतोय, म्हणजे आपण वेळेवर भरतोय, असा त्याचा समज. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,९९५ रुपये, वर जीएसटी, एकूण २,३५४. तीन हजारांतून पहिल्या महिन्यात मुद्दल उतरलं ६४६ रुपयांनी. चौदा महिन्यांत त्याने ४२ हजार भरले आणि देणं कमी झालं जेमतेम १२ हजारांनी. २०२१ च्या दिवाळीत हे बाहेर आलं. आईने एफडी मोडून कार्ड मिटवलं.

तो मला रागावला नाही. फक्त म्हणाला, "दादा, पॉइंटांचं सगळं सांगितलंस, हे तेवढं राहिलं."

त्या चौदा महिन्यांत माझ्या शीटमध्ये सहा हजारांच्या वर कॅशबॅक जमा झालेला होता. हिरव्या रंगात.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो, हे बक्षीस येतं कुठून? लहानपणी वाण्याकडे सामान आणायला गेलो की तो हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचा. ते त्याच्या नफ्यातून यायचे, आणि गिऱ्हाईक टिकावं म्हणून यायचे. इथेही काही वेगळं नाही. आपण कार्ड घासतो तेव्हा दुकानदाराला मिळणाऱ्या पैशातून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. थोडं त्यातून येतं, थोडं फीमधून, आणि थोडं व्याजातून. व्याज कोण भरतं? माझ्यासारखा शीटवाला भरत नाही. ज्याचा पगार थांबलाय तो भरतो. हे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डांच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे या बाबतीत आपली काळजी आपणच घ्यायची.

म्हणून कार्ड घेऊच नये का? नाही, तसं मला वाटत नाही. बिल वेळेवर पूर्ण भरणाऱ्याला ते महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देतं, वर हजार-दोन हजार हाती ठेवतं, फसवणूक झाली तर पैसे थेट बचत खात्यातून जात नाहीत. कार्ड चांगलंच आहे. चुकतो तो प्रश्न. 'जास्तीत जास्त रिवॉर्ड्स कुठलं देतं?' असं विचारलं की खर्च कार्डाच्या मागे धावायला लागतो. विचारायचं असं की मी आज जे घेतोय, जिथे घेतोय, त्यात काडीचाही बदल न करता मला काय मिळेल? त्यापलीकडचं जे मिळतं त्याची किंमत आपणच मोजलेली असते. मी ती माळ्यावर ठेवलीय.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, एकच कार्ड घे, फी नसलेलं, सरसकट परतावा देणारं. ऑटो-डेबिट लाव, आणि तिथे 'मिनिमम' नव्हे, 'टोटल' निवड. खात्यात तेवढे पैसे नसतील त्या महिन्यात कार्ड कपाटात ठेव. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ते पहिलं वर्षभर जोडू नकोस. वडापावसुद्धा उधारीवर खायला लागलास की महिन्याचा खर्च कळेनासा होतो. आणि नकोसं झालं तर बंद कर. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ते बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

"आणि लाउंज?" त्याने विचारलं.

"वर्षात विमानाने किती वेळा जातोस?"

"...एकदा."

"मग घरून डबा घेऊन जा."

तो हसला. मग थोडं थांबून म्हणाला, "मामा, काकांचं मला कोणी सांगितलंच नव्हतं." (माझ्या धाकट्याला तो काका म्हणतो, लहानपणापासूनची सवय, कोणी मोडली नाही.)

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरांत पगार सांगतात, कॅशबॅक सांगतात, देणं कोणी सांगत नाही. ते शीटमध्ये पहिल्या ओळीला असायला हवं होतं. आता आहे.

व्हॅक्यूम क्लीनर अजून चालू स्थितीत आहे. कोणाला हवा असेल तर घेऊन जा. पॉइंट मिळणार नाहीत. :)