भोंग्याची कारागिरी घराकडे वळवा

गणपती आणि दुर्गेच्या विसर्जनाला छत्तीसगडमधल्या भिलाई-दुर्गच्या रस्त्यांवर धुमालाचे वाजंत्री पथक निघते, तेव्हा गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतींचा सगळ्यांना राग येतो. नागपूरकरांना हा प्रकार ओळखीचा आहे, आणि सांगली-कोल्हापूरकडे त्याच भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. छत्तीसगडच्या उच्च न्यायालयाने डीजेच्या कोलाहलाची स्वतःहून दखल घेतली आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात पक्के केले. ही बंधने योग्य आहेत आणि ती कडकपणे पाळली गेली पाहिजेत. पण त्या भिंती उभ्या करायला प्लायवूड बिनचूक कापावे लागते, खोक्याच्या आत हवेची वाट दुमडून बसवावी लागते, जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळावी लागते, फाटलेला कोन बदलावा लागतो. हे सगळे हाताचे कसब आहे आणि रस्त्यावरचा गोंगाट थांबवताना ते आपण फेकून देऊ नये. हॉर्न स्पीकर घडवणे आणि सुधारणे ही स्वतंत्र हस्तकला आहे, तिची खरी जागा घरातली बैठक आहे, आणि ती शिकवायला भिलाईइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे.

हॉर्न म्हणजे आवाज मोठा करायचे साधन, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. स्पीकरचा पडदा हवेला ढकलतो, पण त्याच्या वजनाच्या मानाने हवा इतकी हलकी असते की ढकलण्याचा बहुतेक जोर फुकट जातो. साध्या खोक्यातला घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेतली जेमतेम एक टक्का शक्ती ध्वनीत उतरवतो. उरलेली कॉइल तापवण्यात संपते. हॉर्नच्या अरुंद गळ्यात पडद्याला हवेचा नीट विरोध मिळतो, आणि गळा हळूहळू रुंदावत गेल्याने तो दाब बाहेरच्या मोकळ्या हवेत अलगद उतरतो. तुतारी, सनई आणि छत्तीसगडची मोहरी यांची तोंडे फुललेली असतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. साधा घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देत असेल, तर चांगला हॉर्न १०४पर्यंत जातो. हा १७ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात पन्नास पट. मिरवणुकीने यातून जास्त आवाज काढला. घराने यातून दुसरा फायदा घ्यायचा: तेवढाच आवाज पन्नासाव्या हिश्श्याच्या विजेत. पडदा केसभर हलतो, कॉइल थंड राहते, आणि गाण्यात अचानक उसळी आली तरी स्पीकर दमत नाही. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, आणि त्यांनी नोकरी केली ती भिलाई पोलाद कारखान्यात. त्यांची पंडवानी, म्हणजे महाभारताचे गाऊन केलेले कथन, आठवा. एकच बाई कुजबुजते आणि पुढच्याच क्षणी भीमाच्या आवेशात गरजते. साध्या छोट्या स्पीकरवर ही गर्जना दबून, सपाट होऊन येते. हॉर्नवर ती चढ-उतारासकट येते, आणि त्यासाठी आवाज शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे न्यावा लागत नाही.

ही कारागिरी किती बारकाईची आहे ते मापांतून कळते. हॉर्न ज्या खालच्या सुरापर्यंत चालायला हवा, त्या सुराच्या लहरीच्या लांबीइतका त्याच्या तोंडाचा घेर लागतो. ३०० हर्ट्झसाठी ही लांबी साधारण ११५ सेंटीमीटर, म्हणजे तोंडाचा व्यास साडेछत्तीस सेंटीमीटर. गळा एक इंचाचा धरला आणि हॉर्नचा विस्तार घातांकी पद्धतीचा ठेवला, तर दर सव्वासहा सेंटीमीटरला आतले क्षेत्रफळ दुप्पट व्हावे लागते आणि एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर येते. ही वक्ररेषा कुठे सुटली, सांध्याशी पायरी राहिली, तर लहर तिथून परत फिरते आणि आवाजाला नाकातला सूर चिकटतो. हॉर्न प्लायवूडच्या पाकळ्या जोडून करता येतो, लाकडी कडी एकावर एक चिकटवून खरादावर फिरवून करता येतो, साच्यावर फायबरचे थर चढवूनही करता येतो. लंडनच्या ई. एम. जी. कंपनीने १९२०-३०च्या दशकांत ग्रामोफोनचे प्रचंड कर्णे कागदाच्या लगद्याचे केले आणि ते आजही जपले जातात. कागदाच्या लगद्याचे गणपती घडवणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत परकी वाटू नये.

आता भिलाईकडे पाहू. १९५५च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून हे गाव फिटर, वेल्डर, टर्नर आणि ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या पॅटर्नमेकरांवर उभे आहे. वाकडी, रुंदावत जाणारी पोकळी कागदावरून लाकडात बिनचूक उतरवणे हे पॅटर्नमेकरचे रोजचे काम आहे, आणि हॉर्न म्हणजे नेमकी तशी पोकळी. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या या गावाला माप पाळायची सवय आहे. त्यातच धुमालाच्या धंद्यामुळे कॉइल आणि कोनची दुरुस्ती जाणणारे हातही याच भागात आहेत. ही दोन माणसे एकमेकांना भेटत नाहीत, एवढीच अडचण आहे.

सुधारणेचे काम तर याहून स्वस्तात सुरू होते, आणि मला वाटते शिकायची खरी सुरुवात तिथूनच व्हावी. पत्र्याचा हॉर्न बोटाने वाजवला तर घंटेसारखा नाद देतो. तो नाद प्रत्येक गाण्यात मिसळतो. बाहेरून डांबरी पत्रा किंवा जाड नमदा घट्ट चिकटवला की तो बराचसा मरतो. आवाज निर्माण करणारा ड्रायव्हर आणि हॉर्नचा गळा यांच्यातली कड घासून एकसारखी करणे, सांध्यांतून निसटणारी हवा बंद करणे, तडकलेला पडदा बदलून नीट मध्यावर बसवणे, ही सगळी तासा-दोन तासांची कामे आहेत, पण प्रत्येकाचा परिणाम कानाला कळतो. त्यापुढे क्रॉसओव्हर येतो: कुठल्या सुरापासून हॉर्नने काम हाती घ्यायचे आणि खालचे सूर कुठे सोडायचे. हॉर्न अर्धा मीटर लांब असेल तर त्याचा आवाज शेजारच्या बेसच्या खोक्यापेक्षा सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा निघतो. म्हणून हॉर्नचा ड्रायव्हर आणि बेसचा कोन एका रेषेत येईपर्यंत खोकी पुढेमागे सरकवावी लागतात. डेव्हिड मॅकबीन या ऑस्ट्रेलियन माणसाने ‘हॉर्नरेस्प’ नावाची संगणक प्रणाली फुकट दिली आहे, त्यामुळे लाकूड कापण्याआधीच अंदाज बांधता येतो. मापनाचा मायक्रोफोनही आता आवाक्यात आहे. मापाशिवाय कारागिरी अंदाजपंचे होते आणि नुसत्या मापाने ऐकणे शिकता येत नाही, दोन्ही लागते.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुराचा. हॉर्न म्हणजे भोंगा, त्यातून चित्रपटगृहाच्या बाहेरच्या जाहिरातीसारखा कर्कश आवाज येणार. हा अनुभव खोटा नाही. पण तो अनुभव शब्द लांबवर पोचवण्यासाठी दुमडलेल्या, पातळ पत्र्याच्या भोंग्याचा आहे; त्याला खालचे आणि अगदी वरचे सूर द्यायचेच नसतात. बोलपट आला तेव्हा मोठमोठ्या चित्रपटगृहांत हजार लोकांपर्यंत गाणे पोचवले ते वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९२६च्या ५५५ ड्रायव्हरसारख्या यंत्रांनी आणि त्यांच्यापुढच्या भल्यामोठ्या हॉर्नांनी, आणि जपानपासून युरोपपर्यंत दर्दी लोक ती यंत्रे आजही शोधत फिरतात. दोष हॉर्नच्या तत्त्वाचा असता तर हे झाले नसते.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो जास्त खरा आहे. ४० हर्ट्झच्या बेससाठी तोच हिशेब केला तर तोंडाचा व्यास पावणेतीन मीटरच्या जवळ जातो. इतके मोठे तोंड कुठल्या क्वार्टरमध्ये मावणार? पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने याला सुंदर उत्तर शोधले. आर्कान्सामधल्या होप या लहान गावात १९४६ साली त्याने कंपनी काढली. त्याचा दुमडलेला हॉर्न खोलीच्या कोपऱ्यात बसतो, दोन भिंती आणि जमीन हॉर्नचाच भाग होतात, आणि तोंडाचे क्षेत्रफळ आठव्या हिश्श्यावर येते. ही रचना अजूनही विकली जाते. तरीही भिलाईच्या सेक्टरमधल्या लहान खोलीत मोकळा कोपरा मिळेलच असे नाही. अशा घरात बेसचा हॉर्न बांधायचा हट्ट धरू नये. ३००-५०० हर्ट्झच्या वरच्या सुरांना हॉर्न आणि खालच्या सुरांना साधे खोके, बेसला वेगळा अॅम्प्लिफायर, ही तडजोड प्रामाणिक आहे. शब्दाचा उच्चार, तंबोऱ्याची जवार आणि तबल्याच्या चाटेची धार मुख्यतः वरच्या भागातच असते.

दोन-तीन हजारांत ब्लूटूथ स्पीकर मिळत असताना हे कशाला, असेही विचारले जाईल. त्या स्पीकरने गाणे स्वस्त केले, हे चांगलेच झाले. पण त्याची बॅटरी संपली की बहुतेक वेळा तो टाकून द्यावा लागतो, कारण आत हात घालायला जागाच ठेवलेली नसते. हॉर्न स्पीकरचा प्रत्येक भाग सुटा होतो, बदलता येतो, मुलाच्या हाती सोपवता येतो. ड्रायव्हरसाठी परदेशाकडेच बघावे लागते असेही नाही. दिल्लीची अहुजा कंपनी १९४०पासून या क्षेत्रात आहे आणि तिचे युनिट गावोगावच्या दुकानांत मिळतात. त्यांना उच्च प्रतीच्या ड्रायव्हरची सर नाही, हे मान्य. शिकण्यासाठी मात्र ते पुरेसे आहेत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सगळे आनंदलो. वाद्य घडवणारा कारागीर, पण त्या वाद्याचा आवाज घरात पोचवणारे लाकूड घडवणारा मात्र ‘बॉक्सवाला’, हा भेद मला अन्यायाचा वाटतो. लाकूड, हवा आणि कान यांचे नाते दोघांनाही सारखेच जपावे लागते.

भिलाई आणि दुर्गच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम, टर्नर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम सहज चालवता येईल: आधी एक जुना भोंगा सुधारायचा, मग एक नवा हॉर्न घडवायचा, शेवटी दोन्ही मोजायचे आणि ऐकायचे. २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी आता भिलाईत आहे. मोजमापासाठी एक शांत खोली आणि मार्गदर्शनाला एखादा ध्वनिशास्त्र जाणणारा प्राध्यापक तिथून मिळाला तर बाहेर कुठे जावे लागणार नाही. आणि नियम मोडल्याबद्दल पोलीस जी ध्वनियंत्रे जप्त करतात, त्यांतली जी मालकाला परत जाणार नाहीत, ती न्यायालयाच्या परवानगीने भंगारात न काढता या वर्गांना द्यावीत. त्यांतले चुंबक, ड्रायव्हर, कॉइल आणि इंचभर जाडीचे प्लायवूड एवढ्यावर पहिल्या तुकडीचे काम सुरू होऊ शकते.