यंत्र आपलं, बियाणं त्यांचं

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू होत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस कुठेही गेला की त्याला एकच उत्तर मिळतं: तुमचं काहीतरी चुकलं असेल. पेनड्राइव्ह नीट बनवला नसेल, बटण वेळेवर दाबलं नसेल, आणि मुळात हे उद्योग हवेत कशाला? मी जालना जिल्ह्यात शाळांचे, झेरॉक्सवाल्यांचे, मोंढ्यातल्या अडत दुकानांचे जुने कॉम्प्युटर लिनक्स टाकून चालते करतो. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा यात त्या माणसाचा काहीच दोष नसतो. विकत घेतलेल्या यंत्रात काय चालावं हे ठरवायचा अधिकार विक्रीच्या आधीच त्याच्याकडून काढून घेतलेला असतो, आणि त्याला आपण 'तांत्रिक अडचण' म्हणतो.

हा प्रश्न आता हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं बाद. मंठा तालुक्यातल्या एका शाळेत देणगीतून आलेले असे डेस्कटॉप आहेत. सहाव्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बऱ्यापैकी चालते, मराठी टायपिंग होतं, लिब्रेऑफिसमध्ये गुणपत्रकं होतात. नवे कॉम्प्युटर घ्यायला त्या शाळेला पैसे कोण देणार? तिथे पेनड्राइव्ह बूट झाला तर पोरांना कॉम्प्युटर, नाही झाला तर वर्गात अडगळ.

अडचणींपैकी काही अगदी प्रामाणिक असतात. आयएसओ फाइल गाण्यासारखी पेनड्राइव्हवर नुसती टाकून भागत नाही. रुफस किंवा व्हेंटॉयसारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह आधी तयार करावा लागतो. खूप जुन्या, यूईएफआय नसलेल्या यंत्रासाठी रुफसमध्ये जीपीटीऐवजी एमबीआर निवडावं लागतं. कधी पुढचा यूएसबी पोर्टच सैल असतो, आणि मागच्या पोर्टात तोच पेनड्राइव्ह मुकाट्याने चालतो. यांच्यावर माझा राग नाही.

राग पुढच्यांवर आहे. बूट मेनूचं बटण डेलला एफ १२, एचपीला एफ ९, असूसला कुठे एस्केप तर कुठे एफ ८. ते यंत्रावर छापायला कितीशी शाई लागते? एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय सिक्युअर बूट बंद करायचा पर्याय फिकाच राहतो. हे आपलं आपणच शोधायचं. विंडोजला 'शट डाउन' सांगितलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे यंत्र पुरतं बंद होत नाही. शिफ्ट दाबून शट डाउन करावं लागतं. सगळ्यात वाईट सापळा बिटलॉकरचा. नव्या विंडोज ११ यंत्रांत डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते. सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती असते मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिलं असेल तर ती त्याच्याकडे. म्हणून कशालाही हात लावण्याआधी ती की वहीत उतरवून घ्या.

सिक्युअर बूट म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्या प्रोग्रामवर ओळखीची सही आहे का, हे तपासणारा पहारेकरी. प्रश्न आहे सही कुणाची. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ही व्यवस्था घरोघरी आली आणि बाजारातल्या जवळपास प्रत्येक पीसीत मायक्रोसॉफ्टच्या चाव्या बसल्या. उबुंटू, फेडोरा यांनाही 'शिम' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही घ्यावी लागते. म्हणजे शेजारच्या दुकानाची किल्ली याच्या कमरेला. विंडोज ८ च्या वेळी निदान एक अट होती, की नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांत मालकाला हे बंद करता आलं पाहिजे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि ती सक्ती गेली; ठरवणं उत्पादकावर सोडलं. २०२२ मध्ये लेनोव्होचे काही थिंकपॅड असे आले, की सही असलेलं लिनक्ससुद्धा सेटिंगमध्ये जाऊन वेगळी परवानगी दिल्याशिवाय उघडेना. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर एकाच यंत्रावर दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स बंद पडलं. त्यात २०११ च्या मूळ दाखल्याची मुदत जून २०२६ पर्यंतची. पुढच्या शिमवर २०२३ च्या दाखल्याची सही, आणि तो दाखला जुन्या यंत्रात अपडेटने घालावा लागतो. ज्या यंत्राकडे उत्पादकाने कधीच पाठ फिरवली, त्याने काय करायचं?

जालन्यात हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. हे बियाणांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच सुरू केली. संकरित बियाणं दरवर्षी विकत का घ्यावं लागतं हे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे: घरचं ठेवलेलं पुढच्या पिढीत एकसारखं येत नाही. ते कुलूप निसर्गाचं. तरीही शेतकऱ्याचा हक्क लिहून ठेवावा असं संसदेला वाटलं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचं बीसुद्धा त्याला राखता येतं, पुन्हा पेरता येतं, शेजाऱ्याला देता येतं. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. इथे तर कुलूप माणसांनीच घातलेलं आहे. पण आपल्या शेतात काय पेरायचं हे आपणच ठरवणार म्हणणारी माणसं लॅपटॉपच्या बाबतीत मान डोलावतात, कंपनीने विचार करूनच केलं असेल म्हणतात.

'मग सुरक्षेचं काय?' असं विचारलं जातं. विचारावंच. यंत्र सुरू होण्याच्या टप्प्यावरच घुसणारे व्हायरस खरे आहेत. पण २०२३ मध्ये उघडकीला आलेला ब्लॅकलोटस सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज ११ लाच चकवत होता. पहारेकरी हवा हे मला मान्य आहे. पगार मी देत असेन तर आत कुणाला सोडायचं ती यादीही माझी हवी. स्वतःची चावी नोंदवायची सोय यूईएफआयमध्ये मुळातच आहे. फक्त ती मेनूच्या तळघरात पुरलेली असते, आणि काही यंत्रांत तीही नसते.

लिनक्सवाल्या मित्रांनाही मी सोडणार नाही. विचारणाऱ्याला 'आधी विकी वाच' म्हणून उडवून लावायची त्यांची खोड कंपन्यांच्या पथ्यावरच पडते. परतूरचा शिक्षक शाळा, जनगणना आणि निवडणुकीची कामं सांभाळून इंग्रजीतून 'शिम' समजून घेईल, ही अपेक्षा कुठल्या जगातली? मराठीत लिहा, फोटोसकट लिहा.

केरळने हे एकेका शिक्षकाच्या हिकमतीवर सोडलं नाही. तिथल्या सरकारी शाळांचे कॉम्प्युटर कितीतरी वर्षं जीएनयू-लिनक्सवर चालतात. 'काईट' ही सरकारी संस्था त्यांच्यासाठी उबुंटूवर आधारलेली आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना शिकवते. आपल्याकडे एमएससीआयटीपासूनच कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे डोक्यात बसलेलं. मला लिनक्सची सक्तीही नको. जिल्हा परिषद, महापालिका, आमदार निधी, जिथे जनतेच्या पैशाने कॉम्प्युटर घेतले जातात तिथल्या निविदेत रॅम आणि वॉरंटीच्या खाली तीन ओळी हव्यात: यूएसबीवरून बूट करणं खुलं असावं, सिक्युअर बूट बंद करता यावं आणि त्याच्या चाव्या बदलता याव्यात, बायोसचा पासवर्ड आणि रिकव्हरी की लेखी स्वरूपात शाळेच्या ताब्यात द्यावी. काम मग सगळ्यात कमी दरवाल्यालाच द्या. या तीन ओळींनी कुणाचा दर वाढायचं कारण नाही.